आमच्या ओसरीतलं रेकॉर्डिंग

मास्तरांच्या गाण्यांत पहिला नंबर कोणत्या रेकॉर्डिंगचा, यावर आमच्या मोबाइलच्या ग्रुपात बारा महिने भांडण चालतं. पेरणी असो, परीक्षा असो, कुणाचं बारसं असो, त्याला सुट्टी नाही. नांदेडचे एका बाजूला आणि लातूरचे दुसऱ्या. मी नांदेडची. माझं तिथं औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला गोळी जेवणाआधी की नंतर ते सांगता सांगता मी दुसऱ्या हातानं लातूरकरांना उत्तर टाइप करत असते. चुकीची गोळी अजून कुणाला दिलेली नाही, आणि लातूरकरांचं ऐकून घेतलेलं तर मला आठवतच नाही.

मास्तर म्हणजे आमच्या भागाचे गीतकार. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे, गाणी लिहायचे, चाल स्वतःच लावायचे आणि गायचेही स्वतःच. कॅसेटच्या काळात पिठाच्या गिरणीत, एसटीच्या कॅन्टीनमध्ये, लग्नाच्या मांडवात त्यांचाच आवाज. पुण्यामुंबईच्या माणसाला त्यांचं नाव सांगितलं तर तो विचारतो, कोण हे? पूर्वी मला त्याचा राग यायचा. आता मी म्हणते, तुमचं नशीब, आणि विषय बदलते. मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली, पण आमच्याकडं नवरदेव पारावर बसला की पहिलं गाणं अजून त्यांचंच वाजतं.

नंबर लावणं इतकं अवघड का, तर मास्तरांनी एक गाणं दोनदा सारखं कधी गायलं नाही. कंपनीनं काढलेल्या कॅसेटमध्ये बँजो, ढोलकी, सगळं टापटीप. माहूरच्या पायऱ्यांवर कुणीतरी टेप केलेल्या गडाच्या गाण्यात मागं नारळवाले ओरडतात आणि मास्तर धापा टाकत गातात. नांदेडकरांच्या मते त्या धापांमुळंच ते गाणं पहिल्या नंबरचं. लातूरकर म्हणतात, धाप लागणं ही कला असेल तर आमच्या गल्लीतले सगळे म्हातारे कलावंत आहेत.

पण खरी जुंपते ती बैलांच्या गाण्यावरून. त्यात दोन शेतकरी भांडतात. एकाकडं लाल कंधारी, दुसऱ्याकडं देवणी. बैलांच्या ह्या दोन जाती, कंधारी आमच्या नांदेडची, देवणी लातूरची, त्यामुळं मास्तरांनी काय विस्तव पेरून ठेवलाय ते तुमच्या लक्षात येईल. वर मास्तर मोठे हुशार. लोह्याच्या बाजारात गायले की कंधारीची बाजू वरचढ, देवणीच्या बैलबाजारात गायले की देवणीची. दोन्हीकडची रेकॉर्डिंगं आहेत आणि दोन्हीकडचे लोक दुसऱ्याचं रेकॉर्डिंग खोटं मानतात. शेवटच्या कडव्यात एका शेतकऱ्याची बायको बाहेर येते आणि दोघांना एकच ओळ ऐकवते. कंधारी असो का देवणी, सांजंला पाणी पाजतं कोण? गाणं तिथं संपतं. दोघांचीही बोलती बंद होते. ही ओळ मास्तर नेहमी स्वतःच बारीक आवाज काढून म्हणायचे.

फक्त एका रेकॉर्डिंगमध्ये ती ओळ दुसऱ्या कुणीतरी म्हटलेली आहे. ते रेकॉर्डिंग आमच्या घरचं.

लोह्याजवळ आमचं गाव. माझ्या थोरल्या भावाच्या बारशाला मास्तर आमच्या घरी आले होते. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आणि त्यांची बाजारातली ओळख. मी तेव्हा जन्मले नव्हते, पण हा प्रसंग अण्णांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलाय की मीच तिथं पाट मांडत होते असं मला वाटतं. मास्तरांचा झीलकरी, म्हणजे मागून ध्रुपद उचलणारा साथीदार, त्याची एसटी चुकली. मास्तर झीलेशिवाय गात नसत. मग त्यांनी ओसरीत बसलेल्या सगळ्यांना दम दिला की झील धरा, नाहीतर मी चाललो. पुरुष सगळे लाजले. गावातल्या पारावर मोठ्यानं बोलणारे हे लोक, मास्तरांपुढं एकाच्याही घशातून सूर निघेना. शेवटी अण्णांनी हात जोडले म्हणून मास्तर एकट्यानंच गायला लागले. अण्णांनी नुकताच टेपरेकॉर्डर आणला होता. तो मांडीवर घेऊन ते बसले होते. गाणं शेवटच्या कडव्यावर आलं, मास्तर थांबले, आणि दाराच्या आतून एका लहान मुलीचा आवाज आला. कंधारी असो का देवणी, सांजंला पाणी पाजतं कोण? लगेच मागं देवघरातली घंटा. संपलं.

ती लहान मुलगी म्हणजे माझी आत्या. अण्णांची धाकटी बहीण, तेव्हा शाळेत जाणारी. घरात, भावकीत, पुढं तिच्या सासरीही हे सगळ्यांना माहीत होतं. मास्तरांबरोबर गायलेली मुलगी म्हणून तिची सोयरीक जमताना सुद्धा चर्चा झाली होती. प्रत्येक लग्नात तिला आग्रह व्हायचा, आत्या, म्हण की ती ओळ. आणि प्रत्येक लग्नात आत्याचा घसा बसलेला असायचा. आम्ही म्हणायचो, मोठ्या कलाकारांचे नखरेच असतात.

आमच्या ग्रुपात ह्या रेकॉर्डिंगचा मोठा मान. नांदेडच्या बाजूनं मी त्याची वकील. गाणं जसजसं पुढं जातं तसतसा मास्तरांचा सूर चढत जातो, लय वाढत जाते, भांडण तापत जातं, आणि शिखरावर त्या पोरीचा आवाज. असं गाणं मास्तरांनी दुसरीकडं कुठंही गायलेलं नाही, असं मी शंभरदा लिहिलं असेल. त्यावर गेल्या पावसाळ्यानंतर लातूरच्या एका गृहस्थांनी चार ओळी लिहिल्या. त्यांची डाळ मिल आहे, घरी मास्तरांच्या कॅसेटींचं कपाट आहे, आणि पेटी उत्तम वाजवतात. त्यांनी लिहिलं की मास्तर पेटीच्या काळी दोन पट्टीच्या वर कधी गायले नाहीत. हे गाणं त्याहून बरंच वर सुरू होतं आणि आणखी वर जातं. आवाजही मास्तरांचा वाटत नाही. कुणीतरी नक्कल केलेली दिसते. तेव्हा हे यादीतून काढावं.

अण्णा खोटं बोलले, असं त्यांनी लिहिलं नव्हतं. पण दुसरा अर्थ काय होतो?

अण्णांना आता ऐकू कमी येतं. कानात मशीन आहे, तरी पाखरांचा आवाज आणि बायकापोरांचं बारीक बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मी गावाकडं गेले तेव्हा हे त्यांना सांगायचं नाही असं ठरवून गेले होते, आणि पहिल्याच चहाला सांगून बसले. राग मला आवरत नाही, तो माझा स्वभाव. अण्णांनी मात्र आवाज चढवला नाही. त्यांच्या आयुष्यात अभिमानानं सांगावं असं त्यांनी एकच मानलं होतं. मास्तर माझ्या ओसरीत गायले. शेती सगळ्यांनीच केली, लेकरं सगळ्यांनीच शिकवली, पण मास्तर फक्त आमच्याकडं गायले. तेच कुणी नक्कल म्हणत होतं.

"बोलव त्येंला," ते म्हणाले. "हितंच. फैसला हितंच होऊ दे."

ग्रुपाची वर्षाची बैठक एरवी अहमदपूरला होते, म्हणजे दोन्ही जिल्ह्यांना सारखं अंतर. ह्या वर्षी मी ती आमच्या गावी ठेवली. तारखेवरून वेगळं भांडण झालं, कारण येळवसच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, दिवशी लातूरचा माणूस स्वतःचं शेत सोडून कुठं जात नाही. मग येळवस झाल्यावरचा रविवार ठरला. माझ्या भावजयीनं पाहुण्यांसाठी पुन्हा एकदा येळवसची मिसळ भाजी, म्हणजे भज्जी, आणि ताकातली आंबील केली. शेतात खाल्लेल्या भज्जीची चव घरात येत नाही म्हणत लातूरकरांनी तीन-तीनदा वाढून घेतली.

दुपारभर बाकीच्या नंबरांवर वाद झाला. गडाचं गाणं दुसऱ्या नंबरावर राहिलं, धापांसकट. कंपनीच्या कॅसेटला लातूरकरांनी पहिल्यात आणलं, आम्ही तिला पाचव्यात ढकललं. अण्णा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ओसरीत बसले होते. त्यांना अर्धं ऐकू येत नव्हतं, पण ते उठले नाहीत. आत्या चाकूरहून मुद्दाम आली होती. ती आतल्या दारात बसली होती, आणि येणारा-जाणारा तिला वाकून नमस्कार करत होता.

ऊन उतरलं तेव्हा आमच्या रेकॉर्डिंगचा विषय निघाला. डाळ मिलवाले अतिशय अदबीनं बोलले. "अण्णा, तुमच्या शब्दावर माझा शक न्हाई. पण मास्तर म्हून दुसरंच कुणी आलं असंल. तुमाला फसवलं असंल त्येनं."

हे मी अण्णांच्या कानात सांगितलं. खोटं ठरण्यापेक्षा हे वाईट होतं. अण्णा म्हणाले, "मी मास्तरला वळखत न्हाई व्हय? हितं बसले होते. दाराकडं पाठ करून. माझ्या ताटात जेवले." मला त्या वेळी त्या डाळ मिलवाल्याला भज्जीच्या पातेल्यासकट लातूरला पाठवून द्यावंसं वाटलं.

गाणं लावलं. चढत्या सुराचं माझं नेहमीचं भाषण मी केलं. लातूरकरांनी नेहमीप्रमाणेच ते ऐकून घेतलं नाही. डाळ मिलवाले समजावून सांगू लागले की माणूस सूर चढवतो तेव्हा एका कडव्यातून दुसऱ्यात जाताना चढवतो, असा घसरत घसरत चढवत नाही. ते बोलत होते आणि आत दिवे लागायची वेळ झाली. भावजयीनं देवापुढं दिवा लावला आणि घंटा वाजवली.

डाळ मिलवाले बोलायचे थांबले. "ताई," त्यांनी आत विचारलं, "ही घंटा नवी हाय का?"

"न्हाई हो. आजेसासूबाईंची हाय," भावजय म्हणाली.

"परत वाजवा बरं एकदा."

तिनं वाजवली. मग त्यांनी मोबाइलवर रेकॉर्डिंगचा शेवट लावला. मुलीचा आवाज, मग घंटा. तीच घंटा, तशीच दोन टोल्यांची, पण बारीक. खूप बारीक. पैंजणाच्या जवळ जाणारा आवाज. माणसाला आवाज बदलता येतो, पण पितळेची घंटा कशाला सूर बदलेल?

"अण्णांना इचारा," ते मला म्हणाले, "त्या दिवशी लाइट होती का?"

मी मोठ्यानं विचारलं. अण्णा म्हणाले, "लाइट कुठली. सेलवर केलं."

"सेल नवे होते?"

"न्हाई. उतरले होते. म्हून दुपारभर पत्र्यावर उन्हात ठिवले. गाणं संपलं आन् सेलबी संपले."

डाळ मिलवाल्यांनी कपाळावर हात मारला आणि हसायला लागले. ज्यांचं बालपण आमच्याकडं गेलं त्यांना सांगायला नको. उतरलेले सेल उन्हात तापवायचे, दातानं चावायचे, मग ते जीव धरून थोडा वेळ चालायचे. आमच्याकडं टेपरेकॉर्डर, टॉर्च, रेडिओ, सगळं त्यावर चालायचं. पण असे सेल टेप हळू फिरवतात, आणि संपत आले की आणखी हळू. हळू फिरणाऱ्या टेपवर जे भरलं ते दुसऱ्या दिवशी लाइट आल्यावर पूर्ण वेगानं वाजलं. आवाज बारीक झाला, लय वाढली, आणि शेवटी शेवटी सूर चढत गेला. अण्णांनी पहिल्यांदाच टेप घेतलेला. त्यांना वाटलं, टेपात आवाज असाच येत असणार. आणि त्या मरणाऱ्या सेलांचं कौतुक मी शंभरदा ग्रुपात लिहून ठेवलेलं. लातूरकर अजून त्यावरून मला चिडवतात.

मोबाइलवर गाण्याचा वेग, आणि त्याबरोबर सूरही, कमी करता येतो. डाळ मिलवाल्यांनी शेवटचा भाग घेऊन तो हळू हळू कमी करत नेला. भावजय दारात घंटा घेऊन उभी. ती वाजवायची, ते ऐकायचे, आणखी थोडं कमी करायचे. दोन्ही घंटा एक झाल्या तेव्हा त्यांनी मान हलवली आणि शेवटचं कडवं सुरुवातीपासून लावलं.

मास्तर गायला लागले. तोच जाड, शाळेत पोरांना पाढे म्हणायला लावून घोगरा झालेला आवाज, काळी दोन. त्यात कुणाला शंका घ्यायला जागाच नव्हती. डाळ मिलवाले उठून अण्णांपाशी आले, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "अण्णा, मास्तरच हायत. माझं चुकलं." मोठा माणूस. चारचौघांत असं म्हणायला छाती लागते, आणि ती लातूरच्या माणसाला असते हे मी त्या दिवसापासून कबूल करते. अण्णांनी नुसती मान डोलावली. मला रडू येणार होतं, आणि ते अभिमानाचंच असणार होतं.

पण गाणं चालूच होतं. मास्तर थांबले. आणि दारातून आवाज आला. कंधारी असो का देवणी, सांजंला पाणी पाजतं कोण?

तो लहान मुलीचा आवाज नव्हता. ती बाई होती. 'कोण'वर थोडं रेंगाळून शेवट खाली सोडून देणारी बाई. तिन्हीसांजेला आम्ही पोरं गल्लीत खेळत असताना आम्हाला हाक मारायची ती तशीच. ती हाक मी झोपेतही ओळखेन. माझी आई जाऊन आता काही वर्षं झालीत. तिचा आवाज कशातच राहिला नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तिच्या काळात बायका फोनवर सुद्धा दोन शब्द बोलून रिसिव्हर नवऱ्याच्या हातात द्यायच्या.

"लाव परत," अण्णा म्हणाले.

त्यांना ऐकू आलं होतं. बारीक होता तेव्हा जो आवाज त्यांच्या मशीनला कित्येक वर्षं पकडता आला नाही, तो खाली उतरल्यावर सरळ आत गेला. परत लावलं. अण्णांनी दाराकडं पाहिलं, जिथून तो आवाज आला होता तिथं. तिथं आत्या बसली होती.

आत्यानं पदर तोंडाला लावला. मग ती बोलली, मान खाली घालून. "वैनीच गायली. घरात दुसऱ्या कुणाला ती ओळ येत नव्हती. पाणी भरताना म्हणायची ती. मास्तर थांबले, कुणीच म्हणंना, आन् तिच्या तोंडून निघून गेलं. बाहीर समदे बाप्ये. माय चिडली असती. मग वैनीनं माझ्या दंडाला धरलं आन् म्हणली, तू म्हण मी गायले म्हून. एकच ओळ, बाहीर कुणाच्या ध्यानात आली न्हाई, आन् दुसऱ्या दिशी टेपात आवाजबी बारीकच आला. सांगता सांगता मलाबी खरं वाटाय लागलं."

मला आठवलं ते लग्नांमधलं चुलीजवळचं चित्र. मांडवात टेप वाजायचा, आत्याचं कौतुक व्हायचं, आणि आई परातीतलं पीठ मळता मळता आत्याला म्हणायची, "लई गोड गायलीस गं." आम्हाला वाटायचं, भावजय असावी तर अशी. ती स्वतःचंच कौतुक सगळ्यांदेखत करत होती, आणि तेवढं तिला पुरत होतं. मला नाही पुरत. आत्यावर राग धरावा असं वाटलं, पण धरता आला नाही. इतकी वर्षं तो आवाज मांडवामांडवात वाजत राहिला, तो आत्याच्या नावावर का होईना.

यादीचा फैसला त्या दिवशी झाला नाही. सेल गेले तसा चढता सूरही गेला, आणि नांदेडच्या काहींचा त्यामुळं विरस झाला. खऱ्या वेगानं गाणं संथ आहे, भांडण कमी आणि आळवणी जास्त, असं ते म्हणतात. सध्या आमचं रेकॉर्डिंग तिसऱ्या नंबरावर आहे. गंमत म्हणजे ते पहिलं असावं म्हणून आता लातूरचे डाळ मिलवाले भांडतात. मी भांडते ते नंबरासाठी नाही. यादीत गाण्यापुढं गाणाऱ्याचं नाव असतं, तिथं पूर्वी 'मास्तर आणि एक लहान मुलगी' असं होतं. तिथं आता आईचं नाव आहे, माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही आडनावांसकट. ते मी स्वतः लिहिलं, आणि ते कुणी गाळलं तर त्याची माझ्याशी गाठ आहे.

अण्णा मात्र नंबरच्या पलीकडं गेलेत. घरी कुणी नवं माणूस आलं, खताचा एजंट असो की सोयरा, त्याला ते ओसरीत बसवतात आणि दाराकडं बोट करतात. जुना प्रसंग ते अजून सांगतात, पण सांगायची रीत बदलली आहे.

"हितं गाणं झालं होतं," मी तिथं असले की माझ्याकडं बघत ते म्हणतात. "हिची माय गायली होती. साथीला मास्तर होते."